दोन पत्रिका

माझे यजमान शांतवन साळवे तुर्भ्याच्या कारखान्यात पोती वाहायचे. एक शब्द वेगळा बोलले असते तर साहेब झाले असते.

बहात्तर साली ते आणि माझा दीर शमुवेल सरकारी नोकरीतल्या अनुसूचित जातीच्या राखीव जागेसाठी गेले. ख्रिस्ती म्हटलं की ती जागा जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. धर्म विचारल्यावर यांनी 'ख्रिस्ती' सांगितलं आणि घरी परत आले. शमुवेलनं 'हिंदू' सांगितलं, शामराव नाव लावलं आणि पुढं बेलापूरच्या ऑफिसात साहेब झाला. वर चारचौघांत म्हणायचा, "दादाला काय टेन्शन? त्याला येशू पगार देतो!" हे हसायचे. मी दातओठ खात बसायचे.

सत्याऐंशीत त्याच्या पोरीचं लग्न आमच्या चर्चमध्ये ठरलं. त्यानं पत्रिका दोन छापल्या. आपल्या माणसांसाठी क्रूसाची, ऑफिससाठी गणपतीची, तिच्यावर नुसतं हॉलमधलं रिसेप्शन. क्रूसाची आमच्या घरी आली. मी ठेवणीतली साडी नेसले, बसनं बेलापूर गाठलं आणि ती पत्रिका त्याच्या मोठ्या साहेबाच्या हातात दिली.

"तुमचे शामराव म्हणजे आमचे शमुवेल," मी म्हटलं. "लग्नाला नक्की या."

दिरामागं चौकशी लागली. मला त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी चर्चमध्ये हे प्रार्थनेला उभे राहिले. म्हणाले, "प्रभू, ज्यानं तुला लपवलं, त्या माझ्या भावाला क्षमा कर. आणि जिनं तुझ्या क्रूसाचा सुरा केला, त्या माझ्या बायकोलाही."

सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मी म्हटलं नाही.