आमच्या बंद दाराचा नारळ

यमुनाबाई आमच्या शेजारी राहतात. दोन घरांच्या मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. यांची बदली रत्नागिरीला झाली आणि आम्ही परटवण्याच्या उतारावरच्या या आळीत बिऱ्हाड केलं, तेव्हापासून त्या तशाच पडवीत बसलेल्या मला आठवतात. माडाच्या झावळ्या पुढ्यात, हातात कोयती, आणि एका बाजूला काढलेल्या हिरांचा ढीग. त्या हिरांचे खराटे बांधून त्या दुकानात देतात. आता चौऱ्याहत्तर वय आहे, गुडघे धरलेत, तरी बसणं तिथेच. नवरा बोटीवर खलाशी होता, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. एकुलता मुलगा बाळा, तोही बोटीवर लागला. एवढं मला माहीत होतं. आणि एवढंच पुरे आहे, असं मी सव्वीस वर्षं धरून चालले होते.

यमुनाबाईंबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहायला हवं.

दोन वर्षांमागे मे महिन्यात माझी मुलगी वेदिका पुण्याहून तिच्या मैत्रिणींना घेऊन आली. त्यांनी मला विचारलं, काकू, आरे-वारे तर सगळेच बघतात, रत्नागिरीत अजून काय बघण्यासारखं आहे? मी गणपतीपुळे म्हटलं. एक मुलगी म्हणाली, ते शहरात नाही ना. मग मी थिबा पॅलेस सांगितला. आत काय आहे विचारलं, तर मी कधी आत गेलेच नव्हते. वेदिका हसली. म्हणाली, आईची रत्नागिरी म्हणजे शाळा, बाजार आणि एसटी स्टँड.

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. दरवर्षी जूनमध्ये मुलांचे पत्ते मी रजिस्टरात लिहायची. राजिवडा, मुरुगवाडा, घुडेवठार, पेठकिल्ला, कर्ला, सगळं शहर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण सुट्टी लागली की आम्ही बॅगा भरून संगमेश्वरकडे गावी. गणपती गावी, शिमगा गावी, मे महिना गावी. इथे सगळ्यांचंच असं असतं. रत्नागिरीत कुणालाही गाव विचारा, तो दुसरंच नाव सांगेल. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. त्या मुलींसमोर मात्र वाटलं.

मग त्या वर्षी चातुर्मासाचा नेम मी वेगळा केला. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. मी ठरवलं की दर शनिवारी शहरातल्या एका न पाहिलेल्या भागात जायचं, होईल तितकं पायी फिरायचं, तिथल्या देवाला नमस्कार करायचा आणि परत यायचं. छत्री घेऊन निघायची. पहिल्या शनिवारी राजिवड्याच्या वळणांत वाट चुकले आणि एका बाईने मला पार मुख्य रस्त्यापर्यंत आणून सोडलं. पुढे सवय झाली. मिऱ्याचा धक्का पाहिला, दीपगृह पाहिलं, मांडवीपासून समुद्राच्या कडेकडेने चालत गेले. कार्तिकात नेम संपला तरी मी थांबले नाही. अठरा जागा झाल्या.

आणि दर शनिवारी परत आले की गडग्यापाशी उभी राहून यमुनाबाईंना सगळं सांगायची. त्या हीर काढता काढता ऐकायच्या. होय? असं म्हणायच्या. पाय नाय दुखले? असं विचारायच्या. मला ते फार आवडायचं. हळूहळू माझी जीभ सुटत गेली. एकदा मी त्यांना म्हटलं, यमुनाबाई, जन्म इथे काढलात, पण मिऱ्याचा धक्का तरी बघितलात का?

त्या म्हणाल्या, "माझं माहेर मिऱ्या, गो."

हे मला माहीत नव्हतं. तिथेच गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, मग हल्लीचा नसेल बघितला, खूप बदललाय. त्या हसल्या आणि कोयती चालवत राहिल्या. भजनाच्या बायकांतही मी हा किस्सा सांगितला, की आमच्या शेजारी एक आहेत, त्या पडवीबाहेर पडत नाहीत आणि मी बघा या वयात अख्खं शहर पालथं घातलं.

फाल्गुन आला तेव्हा मी घरात सांगून टाकलं की यंदा शिमग्याला गावी येणार नाही. शहराचा शिमगा मी एकदाही पाहिलेला नाही, तो पाहिल्याशिवाय माझं फिरणं पुरं होत नाही. यांना गावच्या पालखीला खांदा द्यायचा मान आहे, ते एकटेच गेले. धाकट्या दिरांनी फोनवर टोमणा मारला, वहिनी आता शहरवाल्या झाल्या. मला त्याचंही बरंच वाटलं. एकच गोष्ट मनात धरली होती, की शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी आमच्या दारात यावी, मी स्वतःच्या हाताने ओटी भरावी, आणि मग म्हणता यावं की हे शहर माझं आहे.

पालखी आमच्या आळीत यायची त्या दिवशी पहाटे उठून अंगणात सडा घातला, रांगोळी काढली. खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकू ताटात घेऊन, ठेवणीतली साडी नेसून दारात उभी राहिले. दहाच्या सुमाराला ढोल ऐकू आले. पालखी उतारावरून एकेक घर करत येत होती. आमच्या आधीचं घर झालं. मी पदर सावरला. पालखी आमच्या फाटकासमोरून सरळ पुढे गेली आणि यमुनाबाईंच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शिरली.

मला वाटलं, जुनं घर म्हणून आधी तिथे नेत असतील, मग वळतील. तिथे पाटावर दोन नारळ मांडलेले दिसत होते. भागोजी गुरवांनी घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, माणसं व्हय म्हाराजा म्हणाली, आणि खांदे बदलून पालखी त्याच्या पुढच्या घराकडे निघाली.

तेव्हा मी गडग्यापाशी गेले आणि तीस-चाळीस माणसांसमोर बोलले. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"आमचं दार दिसत नाही का तुम्हाला? सव्वीस वर्षं राहतोय इथे. आणि यमुनाबाई, तुमचं घर जुनं असेल, पण देव तुमच्या एकटीचा नाही. शेजाऱ्याचा मान मधल्यामधे घेता, बरं दिसतं का हे?"

ढोल थांबले. आळीच्या मंडळाचा संदेश, एरवी मला काकू काकू करणारा, खाली बघायला लागला. यमुनाबाई पाटाजवळ उभ्या होत्या. भागोजी म्हणाले, "वहिनी, त्यातला दुसरा नारळ तुमचाच हाय."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच शिमग्याला पालखी आमच्या दारात आली होती. दाराला कुलूप होतं. देव दारात आला आणि त्याला कुणी विचारलं नाही असं व्हायला नको, म्हणून पालखी तशीच उभी राहिली. तेव्हा यमुनाबाई आपल्या माडाचा नारळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माणसं गावी गेल्येत, त्यांचं गाऱ्हाणं मी सांगते. दुसऱ्या वर्षी कुलूप, तिसऱ्या वर्षी कुलूप. मग दोन्ही नारळ त्यांच्याच खळ्यात मांडायची रीत पडली. आता पोरांचे पाय आपोआप तिकडेच वळतात, आज तुमचं दार उघडं हाय हे ध्यानातच आलं नाय, असं ते म्हणाले. यांची पुन्हा बदली होणार होती त्या वर्षी काय मागितलं, वेदिकेला डेंग्यू झाला त्या वर्षी काय मागितलं, ते भागोजींना पाठ होतं. वेदिकेची बारावीसुद्धा.

शिमग्याहून आम्ही परत आलो की यमुनाबाई गडग्यावरून नारळाची अर्धी भकल द्यायच्या. शेजारधर्म म्हणून देतात असं मी समजायची आणि तिची चटणी वाटायची. एका वर्षी मी त्यांना म्हटलंही होतं, यमुनाबाई, खवट झालाय हो हा. आमच्याच नावाचा प्रसाद होता तो, आम्ही यायची वाट बघत चार दिवस ठेवलेला.

मी कसंबसं विचारलं की मला कधी सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? तू नाय का तुझ्या गावच्या देवाचा अंगारा मला आणून द्यायचीस?"

मी पुडी आणून द्यायची हे खरं. पण त्यांच्यासाठी तिथे काही मागितलेलं मला आठवेना.

मग त्यांनी भागोजींना पालखी परत पाटाकडे घ्यायला सांगितली आणि मला हाताने बोलावलं. "आता आल्येस ना, तर दोन्ही घरांचं तू सांग. माझा घसा बसलाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी फाटकातून बाहेर पडून त्यांच्या खळ्यात गेले. आमच्या घराचं सांगितलं, भागोजींनी ते देवाच्या कानावर घातलं, माणसांनी साथ दिली. मग यमुनाबाईंच्या घराचं सांगायचं होतं. मी म्हटलं, यांचा बाळा बोटीवर आहे, त्याला दर्यात सांभाळ, सुखरूप घरी आण.

भागोजींनी ते म्हटलंच नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. व्हय म्हाराजाही कुणी म्हणालं नाही.

यमुनाबाई हळूच म्हणाल्या, "बोट सोडून दोन वर्षं झाली त्याला. मुंबईत हाय. डायलिसिसवर."

मी संदेशकडे पाहिलं, पालखीच्या खांद्याखालच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं म्हणजे मी शनिवारी फिरायला लागले त्याच्याही आधीपासून. दर शनिवारी मी गडग्यापाशी उभी राहून राजिवडा आणि दीपगृह सांगत होते, आणि पलीकडे ही बाई हे पोटात ठेवून, पाय नाय दुखले, असं मला विचारत होती. घरी काय चाललंय, हा एक प्रश्न मी कधी विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं.

भागोजी म्हणाले, परत सांगा वहिनी. पालखी खांद्यावर होती, ऊन चढलं होतं. पण सांगू काय? बरा कर म्हणू, की आणखी काही? मला त्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी देवासमोर, सगळ्यांच्या देखत, मी त्यांनाच विचारलं.

"काय मागू, यमुनाबाई?"

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "सुनेला बळ दे म्हणावं. एकटी धावते ती."

तेवढंच मी सांगितलं. भागोजींनी मोठ्याने घातलं. व्हय म्हाराजा यावेळी आलं, पण हळू.

मी माझं ताट आणून तिथेच, त्यांच्या खळ्यात ओटी भरली. भागोजींना माझी दया आली असावी. ते म्हणाले, चला वहिनी, आता तुमच्या दारात नेऊ, पाच मिनिटांचं काम. ज्याच्यासाठी पहाटेपासून उभी होते ते समोरून चालत येत होतं. मी नको म्हटलं. त्या दारातून मी जे बोलले होते ते अजून सगळ्यांच्या कानात होतं, तिथे देवाला उभं करायचं धैर्य मला झालं नाही.

पालखी पुढे गेल्यावर मी यमुनाबाईंना म्हटलं, चुकले मी. त्यांनी ऐकलं, मान हलवली, पण असू दे म्हणाल्या नाहीत. एरवी त्या दहादा असू दे म्हणतात. हीर बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली आणि नारळ फोडायला घेतले. सुनेचं नाव मी विचारलं. सोनल. डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर त्या म्हणाल्या, डॉक्टर काय म्हणणार. मग पुढचं मला विचारता येईना.

दुपारी यांचा गावाहून फोन आला. इथला शिमगा कसा झाला, पालखी आपल्या दारात आली का, असं विचारत होते. मी म्हटलं, दरवर्षी येते तिथेच आली. त्यांना कळेना. आपल्याकडे दरवर्षी कुठे, असं म्हणाले. घरी आल्यावर सांगते म्हणून मी फोन ठेवला, कारण यमुनाबाई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर ते तोंडाने सांगायची मला लाज वाटली.