पान चारशे अकरा

आत्याच्या हातून प्रबंध गेला म्हणजे धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन गेला, असं विधी महाविद्यालयातली मुलं म्हणायची. म्हणायची आणि तिच्याकडे जायचं टाळायचीही, कारण इस्त्रीच्या आधी धुणं असतं, आणि आत्या धुवायला बसली की भल्याभल्यांचा रंग उतरायचा.

एकतीस वर्षं ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती. कायद्याची पदवी नाही, काही नाही. निवृत्त झाल्यावर तिने बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलावर संगणक मांडला आणि मुलांच्या प्रबंधांची मांडणी लावून द्यायला सुरुवात केली. डावीकडचा समास दीड इंच, कारण बांधणीत अर्धा इंच गडप होतो. तळटीपा एकाच ठशात, संदर्भसूची वर्णानुक्रमे. टीपेत ‘तत्रैव’ दिसलं की तिचे डोळे बारीक व्हायचे. तत्रैव म्हणजे वरच्याच पुस्तकात. पण मुलं मध्येच नवी टीप घुसवतात, ‘वरचं’ पुस्तक बदलतं, आणि दत्तकविधानाला खुनाच्या खटल्याचा आधार लागतो. असं काही सापडलं की आत्या खुर्चीत रेलून पोट धरून हसायची आणि मग त्या मुलाला समोर बसवून सगळ्या टीपा पहिल्यापासून लावायला लावायची. वेबसाइटचा पत्ता दिला तर म्हणायची, ‘पाहिलीस कधी? तारीख टाक. उद्या त्यांनी ते पान उडवलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?’

आणि या सगळ्यावर एक नियम. टीपेतलं पुस्तक स्वतः उघडून पाहिल्याशिवाय ती त्या टीपेपुढे पेन्सिलीची खूण करत नसे. रोज सकाळी कापडी पिशवीत यादी टाकून ती ग्रंथालयात जायची आणि दुपारी खुणा करून परत यायची. जी टीप तिने पाहिली नाही, ती तिच्यापुरती नव्हतीच.

तिच्या सख्ख्या भावाची मुलगी वरच्याच मजल्यावर राहायची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिने आपला प्रबंध आत्याला दाखवायचं चांगले सहा महिने टाळलं. ‘घरात डॉक्टर असून ही गावभर औषध शोधत फिरते,’ असं तिची आई म्हणायची. शेवटी सोमवारी महाविद्यालयाच्या कार्यालयाने तो प्रबंध परत केला. समास चुकलेले, टीपांचे आकडे दोन-दोनदा आलेले. तेव्हा पोरगी नाक मुठीत धरून खाली आली. शुक्रवारी दुपारी चारच्या आत प्रबंध दाखल व्हायला हवा होता. नाहीतर पुढची संधी सहा महिन्यांनी, आणि एका वकीलबाईंच्या कार्यालयात मिळालेली नोकरी तोवर दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

‘किती टीपा?’ आत्याने विचारलं.

‘दोनशे चौदा.’

‘अगं बाई!’ असं म्हणून आत्याने पेन्सिलीला टोक काढलं.

विषय होता भाडेकरूंचा. घरातून बाहेर काढण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं की नको? तिसरं प्रकरण सगळंच्या सगळं एका जुन्या निकालपत्रातल्या वाक्यावर उभं होतं: ‘ज्याचे छप्पर काढून घ्यायचे, त्याचे म्हणणे आधी ऐकणे हा उपकार नव्हे, हक्क आहे.’ मोठं झोकदार वाक्य! वक्तृत्व स्पर्धेत मुलं घसा ताणून म्हणायची. भाचीच्या मार्गदर्शक सरांच्या पुस्तकाची सुरुवातच त्याने होती. सत्त्याण्णव नंबरची टीप सांगत होती की हे न्यायालयाचे शब्द, अमुक खंड, पान चारशे बारा.

‘हा खंड तू पाहिलास?’

‘पाहिला ना.’

‘कुठल्या कपाटात असतो?’

खंड भाचीने कुठला पाहायला! सरांच्या पुस्तकातली टीप जशीच्या तशी उचलली होती, सगळे उचलतात तशी.

‘चल, उठ,’ आत्या म्हणाली.

बुधवारी सकाळी दहाला दोघी ग्रंथालयाच्या लांबलचक टेबलाशी बसल्या. आत्याने खंड काढला, चारशे बारावं पान उघडलं. वाक्य होतं, अगदी वर, पहिल्याच ओळीत, काना-मात्रेचाही फरक नाही.

‘बघ!’ भाचीचा जीव भांड्यात पडला. ‘उगाच घाबरवलंस. कर खूण.’

आत्याने खूण केली नाही. तिने मागचं पान उलटलं. चारशे अकराच्या तळाशी शेवटची ओळ होती: ‘यावर भाडेकरूच्या वकिलांनी असा युक्तिवाद केला की,’ आणि तिथे पान संपत होतं. मग तिने बोटाने पुढची पानं सरकवली. चारशे तेरावर न्यायमूर्ती एका वाक्यात म्हणत होते की हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या वाक्यावर तिने चाळीस पानं रचली होती, ते न्यायालयाचं नव्हतंच. ते हरलेल्या वकिलाचं होतं. न्यायालयाने ते साफ नाकारलं होतं.

‘आत्या,’ ती कुजबुजली, ‘राहू दे ना तसंच. सरांच्या पुस्तकात तेच आहे. तपासणार कोण? दोन दिवसांत मी नवं प्रकरण कुठून आणू?’

भाचीला वाटलं, आता ओरडा बसणार. पण आत्या त्या पानाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. असा चेहरा भाचीने कधी पाहिला नव्हता.

‘हे पान मी काढून दिलं होतं,’ ती म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचीचे सर तेव्हा विद्यार्थी होते, पायाला प्लास्टर, दवाखान्यात पडून. सूचीत पाहून त्यांनी चिठ्ठी पाठवली, पान चारशे बारा हवं. आत्याने त्या एकाच पानाची झेरॉक्स काढली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः नेऊन दिली. पोरगं किती खूश झालं होतं! मागचं पान जोडावं, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या एका पानावरून त्यांचा प्रबंध झाला, प्रबंधावरून पुस्तक, पुस्तकावरून बाकी सगळे.

‘मग तर मुळीच बोलू नकोस!’ भाची म्हणाली. ‘सगळं तुझ्यावर येईल.’

‘येऊ दे. प्रबंध तुझा आहे, तू काय ठेवायचं ते ठेव. मी सत्त्याण्णववर खूण करणार नाही. आणि सरांना मी आजच सांगणार.’

गेलीच ती. भाची मागे मागे. सरांच्या खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर पुस्तकांचा ढीग. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सर आधी तापले, ‘बाई, इतकी वर्षं हे पुस्तक चालतंय!’ मग उठले, कपाटातून एक जुनी फाइल काढली, तिच्यातून पिवळी पडलेली झेरॉक्स काढली आणि बराच वेळ बघत राहिले.

‘चूक माझी,’ ते शेवटी म्हणाले. ‘मागचं पान मी मागायला हवं होतं.’

‘पायाला प्लास्टर तुमच्या होतं, माझ्या नाही. चूक माझी.’

‘बाई, पुस्तक मी लिहिलंय.’

‘आणि पान मी दिलंय.’

चूक कुणाची यावर माणसं भांडतात ते ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला. इथे दोघं ती आपल्याकडे ओढत होती. भाचीला हसावं की रडावं कळेना.

‘बरं,’ सर दमून म्हणाले, ‘पुढच्या आवृत्तीत मी गुपचूप दुरुस्त करतो. हिच्या प्रबंधात त्याचा गाजावाजा कशाला? तुमचं नाव आहे इथे.’

‘गुपचूप कसं चालेल, सर? जुनी आवृत्ती कपाटात आहेच. उद्या कुणी नवा वकील ती वाचून कोर्टात उभा राहील, समोरचा हे पान उघडून दाखवेल, आणि एखाद्या गरिबाचं घर जाईल. टीपेत येऊ दे. काय चुकलं, कुठे चुकलं, सगळं.’

सर मान खाली घालून ‘बरं’ म्हणाले.

मग दोन दिवस भाचीने जे काम केलं त्याला तोड नाही. न्यायालयाने तेव्हा हे नाकारलं, असं सरळ लिहिलं, आणि का नाकारायला नको होतं ते स्वतःच्या डोक्याने मांडलं. उसनं वाक्य गेल्यावर तिला स्वतःचं बोलावं लागलं, आणि बोलली पोरगी, झकास बोलली. आत्या बाजूला बसून पानं लावत होती, टीपांचे आकडे सरकवत होती, मधूनच चहाचा कप पुढे ढकलत होती. शुक्रवारी पावणेचारला प्रबंध कार्यालयाच्या टेबलावर पडला.

सत्त्याण्णव नंबरची टीप आत्याने स्वतः लिहिली: ‘हे वाक्य भाडेकरूच्या वकिलांचे आहे, न्यायालयाचे नव्हे. पाहा पान ४११, शेवटची ओळ. पुढील लेखनात ते न्यायालयाचे म्हणून आले, कारण उतारा देताना मागील पान जोडले गेले नाही. चूक तत्कालीन ग्रंथालय सहायकाची.’ इतक्या वर्षांत शेकडो प्रबंध तिच्या हाताखालून गेले. छापलेल्या कागदावर ती स्वतः एवढीच आली.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते एक निवृत्त न्यायाधीश. आत्या बाहेर बाकावर बसली होती, भाचीच्या काळजीने पिशवीचा बंद पिळत. आत न्यायाधीशांनी इकडचं तिकडचं थोडं विचारलं आणि थेट सत्त्याण्णववर आले. टीप दोनदा वाचली.

‘हे सहायक आता कुठे असतात?’

‘बाहेर आहेत, सर. माझी आत्या आहे.’

ते उठलेच. दार उघडून बाहेर आले, बाकासमोर उभे राहिले. आत्या गडबडीने उठायला लागली तर त्यांनी हाताने बसवलं.

‘बाई, मी खालच्या न्यायालयात होतो तेव्हा एका निकालात हे वाक्य वापरलं. वरच्या न्यायालयाचं आहे म्हणून. त्याच्या जोरावर एका माणसाचं घर वाचवलं. बारा वर्षं मला त्या निकालाचा अभिमान वाटत आलाय. आता वाटतं, चुकीच्या पानावर दिला.’

भाचीही मागोमाग दारात येऊन उभी होती. आत्याने क्षणभर विचार केला.

‘तो माणूस अजून राहतो तिथे?’

‘राहतो.’

‘मग आता ते वाक्य न्यायालयाचं झालं,’ आत्या म्हणाली. ‘पण तुमचं, तुमच्या तारखेचं. त्या जुन्या खंडाच्या नावावर घालू नका. त्या वकिलाने ते मागितलं होतं आणि त्याला मिळालं नाही. तुम्ही दिलंत.’

न्यायाधीश तिच्या शेजारी बाकावर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले, आणि भाचीने हळूच दार लोटून घेतलं.