शेकाच्या खोलीतली डबी

उभी नोकरी खोटी प्रवासबिलं पकडण्यात गेली, त्यामुळे जावयानं परदेशातून डबी पाठवली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, कशासाठी? मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे वर्ध्याला आली होती आणि तिच्या बॅगेतून ही पांढरी, हातात मावणारी डबी निघाली. खोलीत विषारी वायू साचला की ती वाजते, त्या वायूला ना रंग ना वास, असं मुलीनं सांगितलं. ज्याला रंग नाही, वास नाही, त्याचा पुरावा काय? जावयाचा आमच्या घरावर भरवसा नाही, एवढं मात्र मला लगेच कळलं.

नात झाली. थंडीचे दिवस होते, तेव्हा बायकोनं रिवाजाप्रमाणे शेक सुरू केला. सकाळी मायलेकींची आंघोळ झाली की बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा, आणि दारं-खिडक्या घट्ट बंद. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीतही ती जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायची. आणि रोज त्याच वेळेला डबी बोंबलायची.

मी तपास हाती घेतला. सेल बदलले, जाळीवरची धूळ पुसली. सोबतची पुस्तिका मुलीकडून वाचून घेतली. सेल संपत आले की डबी मधूनमधून एकदाच चिवचिवते. वायू असला तर ओळीनं चार वेळा वाजते, आणि तशी वाजली तर घराबाहेर पडा, असं तिच्यात लिहिलं होतं. माझ्याच घरातून मला बाहेर काढणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होतो. बैठकीत नेऊन ठेवली, तर दिवसभर मुकी. परत बाळंतिणीच्या खोलीत ठेवली की चार, चार, चार. पाणी कुठंतरी मुरत होतं. ओव्याच्या धुरानं बिचकत असेल म्हणून ओवा बंद करवला, तरी वाजली. मग मला बायकोचाच संशय आला. तिला ती डबी डोळ्यांसमोर नको होती. मी कंटाळून फेकून द्यावी म्हणून हीच गुपचूप डबीवरचं चाचणीचं बटण दाबत असेल.

इकडे मुलीचं डोकं रोज सकाळी दुखायचं, मळमळायचं. बायको म्हणायची, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून ती त्याच शेगडीत टाकायची.

शेवटी चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून मी शेकाच्या वेळी स्वतः खोलीत स्टूल टाकून बसलो. डबी मांडीवर घेतली, बायकोला बाहेर ठेवलं, दार लावलं. बराच वेळ काही झालं नाही. मुलगी झोपली, नातही झोपली. मग डबी वाजू लागली, आणि बटणाजवळ कोणाचंही बोट नव्हतं. माझ्या कपाळात ठणका लागला होता. मुलीला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. पुन्हा मारली, तेव्हा डोळे उघडले आणि परत मिटले. मी भ्यालो. नातीला उचललं, दार उघडलं आणि बायकोला हाक मारली. बायको धावत आली, तिनं मुलीला बखोटीला धरून अंगणात आणलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोळशाचाच वायू. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो, तान्ह्या बाळाला तर वेळही लागत नाही. दोघी वाचल्या.

बाहेरच्या बाकावर बायको माझ्याशेजारी येऊन बसली. मग तिनं विचारलं, "आपला पहिला पोरगा गेला, त्या खोलीतबी शेगडीच होती ना?"

होती. बारसं व्हायच्या आधीच, सकाळच्या शेकात झोपला तो उठला नाही. आदल्याच दिवशी माझी थोरली वहिनी त्याला पाहून गेली होती. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचीच दृष्ट लागली असं घरात ठरलं. ती कारंज्याला राहते. तेव्हापासून आमच्या कुठल्याही कार्याचं बोलावणं तिला गेलं नाही, नातीच्या वेळीही नाही.

"जाऊबाईले फोन लावून द्या," बायको म्हणाली.

मी मोबाईल काढला. वहिनीचा नंबर माझ्याकडे नव्हता. बायकोकडेही नव्हता.