एका पंगतीचा गुन्हा

ती पंगत मी डोळ्यांनी पाहिली नाही, तरी आजही जेवायला बसलो की तीच आठवते. निजामी राजवटीचं शेवटचं वर्ष होतं. भोकरदन भागातल्या एका ठाण्यात मी मुहर्रिर, म्हणजे लिहिणारा होतो. लोक मराठीत जबाब देत, मी ते उर्दूत उतरवी आणि ज्याला त्यातलं अक्षर कळत नसे त्याचाच अंगठा खाली घेई. परवानगीशिवाय सभा भरवणं तेव्हा गुन्हा होता.

एके सकाळी राजूरकडच्या एका खेड्यातला बडा शेतकरी तणतणत आला.

"शिंप्याच्या घरी पोरीचं बारसं व्हतं, साहेब. समद्याईला एकाच पंगतीत बसवलं! मह्या शेजारी येशीबाहेरचा माणूस! अन् वर शिंपी म्हणतो, निजाम गेल्यावर गावात असंच ऱ्हायचं."

त्याचा राग निजामावरच्या बोलण्याचा नव्हता, पंगतीचा होता. खबर देणारे बहुतेक असेच असतात. स्वतःचं गाऱ्हाणं सरकारच्या गळ्यात बांधून मोकळे होतात.

ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब. त्यांनी शिंपी आणि सहा पाहुणे उचलून आणले. झडतीत काही सापडलं नाही. दोन दिवस मार खाऊनही सातही जण 'बारसंच व्हतं' यापलीकडे जाईनात. तेव्हा मला अक्कल सुचली. त्या वेळी मी तिला अक्कलच म्हणत होतो. एकेका पाहुण्याला वेगळं बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं?"

चौघांनी चार नावं सांगितली, दोघे म्हणाले आठवत नाही. शेवटी शिंप्याला विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. पंगत जमवण्याच्या गडबडीत पोरीला नाव ठेवायचंच राहून गेलं होतं.

"म्हणजे सभाच होती ना?" मी विचारलं.

"निजाम जाईल तव्हा जाईल, साहेब. पर तो गेल्यावर आपल्याला एका पंगतीत बसता येईल का, ते आधी बसून पाह्यलं. पहिला घास कुणाच्या गळ्याखाली उतरंना. मंग उतरला." मग तो माझ्या कागदाकडे बघत म्हणाला, "तुम्ही आपल्यातले. बारसं लिहा. लेकरू लहान हाये."

अमीनसाहेब बाहेर चहा पीत होते. मी बारसं लिहिलं असतं तर तो सुटलाही असता. मी सभा लिहिली. नोकरीची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त, गुन्हा मी उकलला याची शाबासकी हवी होती. शिंप्यानं मुकाट्यानं अंगठा दिला.

चालान, म्हणजे आरोपींसह खटल्याचे कागद, जालन्याला गेलं. शिंपी तिथल्या तुरुंगात तापानं वारला, असं कागद सांगतो. तसले कागद मीही लिहिले आहेत, त्यामुळे तो ताप कसला ते मला कळतं.

पुढे राजवट गेली. माझी नोकरी राहिली, टोपीवरचा बिल्ला तेवढा बदलला. त्या गावात झेंडा लागला तेव्हा बंदोबस्ताला मीच होतो. मग जेवणं झाली. गावाची पंगत देवळासमोर आणि वेशीबाहेरच्यांची नाल्याकडे. तोच बडा शेतकरी आग्रह करकरून वाढत होता. मला पहिल्या पंगतीत पाट मिळाला.

शिंप्याची बायको पोरीला घेऊन नाल्याकडच्या पंगतीत जाऊन बसली होती. मी जवळ गेलो. पोरीचं नाव विचारलं.

"तव्हाबी हेच इचारल्तं ना तुम्ही? सुटून आलेल्या पाव्हण्याईनं सांगितलं मला," ती म्हणाली. "न्हाई ठेवलं अजून. समदे एका पंगतीत बसतील, त्या दिशी ठेवू."

मी परत येऊन माझ्या पाटावर बसलो आणि जेवलो. घास उतरला, याचीच आज लाज वाटते.

त्या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की सरकार हटवणारे पुष्कळ मिळतात. ते हटल्यावर कसं राहायचं याची आधीच तालीम घेणारा एखादाच असतो. आमच्या भागातला तो एक मी कागदावर संपवला. पुढे नोकरीत खून, दरोडे बरेच उघडकीला आणले. पण त्या गावात तसा गुन्हा पुन्हा घडल्याची खबर शेवटपर्यंत आली नाही.