सामाईक मोरी

आमच्या बायकोच्या मामांइतका भिंतींवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नाहूरमध्ये सापडणार नाही. विक्रोळीच्या चाळीत दोन बिऱ्हाडांत एक मोरी वापरून चाळीस वर्षं काढल्यामुळे, वेगळेपणा म्हणजे उधळेपणा, हे त्यांचं ठाम मत. आताच्या फ्लॅटला दोन बाथरूम आहेत; एकात ते कांदे ठेवतात.

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरमध्येही चाळ बांधली. एकाच डब्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम, एक त्यांची, एक मामींची. मेमरी भरली की जास्तीचं सामान जिथे सरकवतात ते स्वॅप पार्टिशन मात्र दोघांत एकच. "एका वेळी एकच जण आत असणार ना रे? दोन मोऱ्या कशाला?" मी समजावलं, "मामा, काम अर्धवट ठेवून मशीन झोपवलं, तर ते काम त्याच मोरीत ठेवलेलं असतं. दुसरा आत शिरला की गेलं!" मामा हसले. चाळीत आत कोणी असलं की बाहेरच्या खिळ्याला टमरेल अडकवत. त्यांनी मॉनिटरच्या कोपऱ्याला निळं टमरेल लटकवायचा नियम केला. "चाळीस वर्षांत एकदा घोटाळा नाही."

घोटाळा झाला. कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून मामींचं मालवणच्या बहिणीशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. तीन दुपारी खपून त्यांनी तिला पत्र लिहीत आणलं, सेव्ह न करता मशीन झोपवलं आणि टमरेल लटकवलं. पण बैठकीच्या खोलीत ते त्यांना बघवेना, म्हणून घासायला नेलं. टमरेल नाही म्हणजे मोरी रिकामी, असं समजून मामांनी आपली सिस्टिम उघडली.

"अहो, तुमच्या मोरीतून माझं पत्र वाहून गेलं!" मामी एवढंच म्हणाल्या आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी बहिणीला फोन लावला. "अगो, तुका पत्र लिवललंय, ता ह्येंनी घालवल्यानी. आता तोंडान सांगतंय, आयक." ते सांगणं दीड तास चाललं. मामा ओलं टमरेल हातात धरून दारात उभे.

गेला महिनाभर मामी बहिणीकडे मालवणला आहेत. परवा मी गेलो, तर मामा डोळे बारीक करून मोबाइलवर बातम्या वाचत होते. मॉनिटरला टमरेल, जाताना मामी मशीन झोपवून गेल्या होत्या. म्हटलं, "वेगळं स्वॅप करून देऊ? तुमचं काम तरी चालू राहील."

"राहू दे रे," टमरेलाकडे बघत मामा म्हणाले. "आत आहे ती."