अंगठ्याची दोरी

बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोरानं शेडच्या दारात भोकाड पसरलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. कोटिंगच्या ब्रशला राळ चिकटून राहते ना, कितीही पुसा, बुडाशी उरतेच, तसे आमच्या शेडचे किस्से साठलेत. त्यातले बहुतेक रशिदाभाबीचे. ती आता इथं नाही. कुठं आहे तेही ठाऊक नाही. म्हणून तर लिहायला बसले.

आमची शेड भुकूमच्या पुढं, पौड रोडला. धरणात नि विहिरीत सोडायचे सेन्सर तिथं बनायचे, पाणी किती आहे ते सांगणारे. आकार गाजरासारखा, म्हणून आम्ही बायका त्याला गाजरच म्हणायचो. आत बारीक तारा, पाणी लागलं की कामातून गेल्या. म्हणून वरून राळेचे दोन हात द्यायचे, पहिला वाळला की दुसरा. ते माझं काम. वाळलेलं गाजर भाबी बाहेर आंब्याखाली पाण्याच्या टबात बुडवायची आणि मीटरचा काटा बघायची.

पोर चार महिन्यांचं. घरी सांभाळायला कुणी नाही, आणि राळेच्या वासात त्याला आत आणायची बंदी. मी रडकुंडीला आले. भाबी म्हणाली, "आण हिकडं! माझं हात कामाला हायेत, पाय रिकामाच हाय की!"

आंब्याला झोळी बांधली. झोळीची लाल दोरी भाबीच्या पायाच्या अंगठ्याला. मला खिडकीतून पोर दिसायचं नाही, दोरी दिसायची. दोरी हलली की माझा जीव जागेवर!

*

राळेला तेलाचं वावडं. एकदा माझ्या गाजरांवर देवी आल्यासारखे खड्डे पडले. साहेबांनी माझे हात हुंगले.

"सिंधूबाई, हे काय?"

"खोबरेल. पोराला मालिश करून आले."

"मुलाला लावा हो, माझ्या सेन्सरला कशाला!"

मालिश बंद करायची म्हणून मी हिरमुसले, तर भाबी फणकारली, "तुजं हात राळंला दे. चोळायला मी हाय न्हवं!" तेव्हापासून टेस्टिंग आटपलं की ती जेवणाच्या सुट्टीत त्याला मालिश करायची. पोर तिच्या मांडीवर असं हसायचं की मला बरंही वाटायचं आणि तिचा हेवाही.

*

सोनामावशी आमच्यात थोरली. तिच्या मालकांना भाताच्या खाचरात घड्याळ घालून जायची हौस. मावशीनं उरलेल्या राळेत घड्याळच बुडवून काढलं. वरून छान चकाकलं! दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली.

"काय झालं मावशी? पाणी गेलं?"

"थेंब न्हाई गेला. पर चावी बी फिरंना! अडीच वाजल्यात, ते वाजल्यालंच हायेत!"

*

एकदा मीटरचा काटा डुगडुगायला लागला. साहेबांनी मीटर खोललं, वायर बदलली, घाम पुसला, पुन्हा खोललं. काटा डुगडुगतोच! जेवणाची वेळ टळली, आणि एकदम काटा थांबला.

"बघा! केला की नाही दुरुस्त?"

भाबी तोंडाला पदर लावून म्हणाली, "साहेब, पोरगं झोपलं."

तिच्या अंगठ्याला ठेच लागली होती, म्हणून त्या दिवशी दोरी टबाच्या स्टँडला बांधलेली. पोर पाय झाडायचं आणि टबातलं पाणी हिंदकळायचं!

*

मग पोराला ताप आला. मी कामावर गेले नाही, उशाशी बसून त्याचा श्वास ऐकत राहिले. परत गेले तर आंब्याखाली नुसता टब.

सोनामावशी म्हणाली, "रशिदाच्या मालकानं पौडातलं सायकलचं दुकान उचललं. घाट उतरून कुटंतरी गेल्यात. कालच्याला तुज्या जागंवर बसून तुजं कोटिंग बी तिनंच केलं. लई वाट बघितली तुजी."

झोळी फांदीला तशीच होती. दोरी मात्र अर्धीच उरलेली.

पोर तेव्हा रांगत होतं. शेडमधून बाई बाहेर आली की तुरुतुरु तिच्या पायाशी जायचं, अंगठा धरून ओढायचं, वर तोंड बघायचं आणि रडायला लागायचं. सगळ्या बायकांचे अंगठे बघून झाले त्याचे.

*

परवा धरणातून एक गाजर परत आलं. केबल कशात तरी अडकून तुटली होती. साहेबांनी लॉट नंबर बघितला. मी रजेवर होते त्या दिवशीचा. आमची राळ वाळली की मधासारखी आरपार दिसते. साहेबांनी ते उजेडात धरलं आणि ओरडलेच, "ह्यात धागा कुणी सोडला? पहिल्या नि दुसऱ्या हाताच्या मधे! धाग्याच्या कडेनं पाणी शिरलंच असणार. कापा!"

कापलं. आत तारा लखलखीत, कोरड्या ठणठणीत.

साहेब म्हणाले, "अशक्य आहे."

लाल धागा होता. त्याला एवढीशी गाठ, बाळाच्या मनगटाला बांधतात तशी.

घाटाखाली कुणाचं जाणं-येणं असेल, सायकलच्या दुकानावर रशिदाभाबी दिसली, तर एवढं सांगा: पोरगं चालायला लागलंय, आणि गाजर कोरडं निघालं.