खालच्या विहिरीचं पाणी

एसटीने मंद्रूप आणि तिथून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) असा प्रवास करून मी वस्तीवर पोचले. वडापमध्ये शेजारणीच्या कोंबडीने माझा पदर खराब केला. बाकी त्रास नाही. आमच्या सोलापूरच्या कॉलनीमागचा नाला अर्ज करून सुधारेना, म्हणून जिथे काही जमलं आहे, ते बघायला निघाले होते.

इथला ओढा पुढे सीना नदीला मिळतो. वरच्या अंगाला द्राक्षबागा, खाली ही वस्ती आणि ओढ्याला खेटून तिची पिण्याची एकुलती विहीर. बागायतदार फवारणीचे पंप ओढ्यात धूत, आणि विहिरीच्या पाण्याला औषधाचा वास येई. मी ज्यांच्याकडे उतरले त्या शालनबाईंनी तक्रारी करून पाहिल्या. मग एक दिवस वरच्यांना अंगणात बोलावून प्रत्येकापुढे विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवला. एकानेही उचलला नाही. तेव्हापासून पंप बागेतच, खडी भरलेल्या खड्ड्यावर धुतात. आणि दर अमावस्येला, शेतकाम बंद असतं तेव्हा, बैठक याच अंगणात भरते. आधी सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं, मग बोलायचं.

मी अमावस्येलाच गेले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊन वर दोन पेले पाणी प्यायले.

दुपारी माणसं जमली. पेले उचलले गेले. तानाजी नावाच्या बागायतदाराचा मात्र खालीच राहिला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय रं, घरनंच पिऊन आलास व्हय?"

तानाजी हसला नाही. "वैनी, कुणी पिऊ नका. काल सांजच्याला घाई हुती. पंप वड्यात धुतला."

पेले खाली आले. मी माझे दोन आठवले. शालनबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुमी पिलं ते रांजणातलं. काल सकाळी भरलेलं."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. शालनबाईंनी रहाटाचा दोर काढून तानाजीच्या हातात दिला. पाण्याची तपासणी होईपर्यंत विहीर बंद, वस्तीला पाणी त्याने पुरवायचं. दिवस मावळायच्या आत त्याच्या ट्रॅक्टरमागे टाकी उभी होती.

नमुन्याची बाटली मांडीवर घेऊन मी परत निघाले; प्रयोगशाळा सोलापुरात. कंडक्टर म्हणाला, "पिऊन टाका की बाई, सांडंल."

"पिण्याजोगं आहे का, तेच बघायचंय," मी म्हणाले.

घरी आल्यावर पहिलं काम केलं: कॉलनीची पुढची बैठक एसी हॉलमधून हलवून नाल्याच्या भिंतीशी ठेवली. खुर्च्या तिथेच मांडायला सांगितल्या. काही जणांना वास सहन होणार नाही. तेवढ्याचसाठी तर.

अहवाल चांगला आला. शालनबाईंना कळवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. अमावस्येची वाट न बघता बैठक पुन्हा भरली होती, आणि तानाजी सगळ्यांच्या आधी दोन पेले पाणी प्यायला होता.

"दोन का?" मी विचारलं.

"एक मागच्या बारीचा राहिला हुता की."